याकोबाला दोनदा विचारलेला प्रश्न

या वेळचं पत्र, थोडं कमी करून:

«नमस्कार. मी 36 वर्षांची आहे. आमच्याकडे रोज रात्री बाबा पवित्र शास्त्रातला एक अध्याय मोठ्यानं वाचायचे, मी आणि ताई ऐकायचो. ताई सगळ्यातच पुढे, आणि मी कायम 'हिची धाकटी'. दोन वर्षांपूर्वी मला नेव्हिल गॉडर्ड यांची व्याख्यानं सापडली. ते म्हणतात, शास्त्रातली माणसं म्हणजे आपल्याच मनाच्या अवस्था. एसाव म्हणजे डोळ्यांना दिसणारं जग, याकोब म्हणजे मनातली इच्छा, आणि आंधळा इसहाक म्हणजे डोळे मिटून बसलेले आपण. इच्छेवर खरेपणाचं कातडं चढवलं की आशीर्वाद तिला मिळतो. देवानं मोशेला सांगितलेलं 'मी आहे' हे नाव म्हणजे आपल्या आतलंच 'मी आहे'. हे ऐकून मी आयुष्यात पहिल्यांदा ताठ मानेनं वावरले. एका मुलाखतीआधी महिनाभर रोज रात्री निवड झाल्याचं दृश्य मनात जगले, आणि नोकरी लागली.

गेल्या वर्षी ताईला गंभीर आजार निघाला. उपचार चालू आहेत. मी तिला रोज व्याख्यानं पाठवायचे. एकदा ती म्हणाली, 'मला भीती वाटते गं.' मी म्हटलं, 'ही भीतीच तुला आजारी ठेवते आहे. ईयोबानंच म्हटलंय ना, ज्याची मला भीती होती तेच माझ्यावर आलं.' तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. बाबा म्हणाले, 'देवाच्या वचनाचं तू खेळणं केलंस.' आता तिच्याविषयी वाईट विचार मनात आला की माझ्यामुळेच काहीतरी होईल अशी धास्ती बसते, आणि तो पुसायला तेच चांगलं दृश्य पुन्हा पुन्हा आणते. हा अर्थ खरा की खोटा? खोटा असेल तर मी परत 'हिची धाकटी' होणार का?»

ईयोबाचं ते वाक्य शास्त्रातल्या त्याच्या नावाच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातलं आहे, आणि त्या पुस्तकाला 42 अध्याय आहेत. त्याकडे मी येणारच आहे, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात ठसठसणारी जागा तीच आहे. पण तुम्ही विचारलंय अर्थ खरा की खोटा, तर आधी तेवढं.

मी भारुडं ऐकत वाढले. नाथांचा विंचू चावतो, बाई कळवळते, लोक हसतात, आणि हसता हसता कळतं की हा विंचू कामक्रोधाचा आहे, त्याचा उतारा सत्त्वगुणाचा आहे. त्यामुळे गोष्टीच्या पोटात दुसरी गोष्ट असते हे मला कोणी व्याख्यान देऊन शिकवावं लागलं नाही. कठोपनिषदात शरीर हा रथ आहे, बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रियं घोडे. तुमच्या शास्त्रातही हे बाहेरून आलेलं नाही. प्रेषित पौलानं गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात अब्राहामाची दासी हागार आणि बायको सारा या दोघींना देवाशी झालेल्या दोन करारांचं रूपक म्हणून वाचलंय, आणि तसं वाचतोय हे तो तिथं उघड सांगतो. म्हणजे रूपकानं वाचलं म्हणून तुम्ही काही पाप केलेलं नाही. बाबांचा राग मला समजतो, पण 'खेळणं' हा शब्द त्यांनी रागात वापरला, असं मी धरून चालते.

मात्र त्यांच्या रागात एक नेमकी गोष्ट आहे, आणि ती त्यांच्या आधी जवळजवळ दोन हजार वर्षं कोणीतरी म्हणून ठेवली आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियात फिलो नावाचा यहुदी विचारवंत होता. रूपकार्थ काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. अब्राहामाचा प्रवास त्यानं आत्म्याचा प्रवास म्हणून वाचला. आणि हाच फिलो काही लोकांवर चिडतो. ते म्हणत होते, शब्बाथाचा, म्हणजे आठवड्याच्या पवित्र विश्रांतीच्या दिवसाचा, आतला अर्थ आम्हाला कळला, आता शब्बाथ पाळायची गरज काय? फिलो म्हणतो, आतला अर्थ आत्म्यासारखा आणि शब्द शरीरासारखा. शरीर हे आत्म्याचं घर आहे, म्हणून त्याचीही काळजी घ्यायची.

भारुडाच्या भाषेत सांगायचं तर विंचवाचा अर्थ कळला म्हणून खरा विंचू चावायचा थांबत नाही. आणि ज्याला खरा चावलाय त्याच्यापुढे उभं राहून कोणी भारूड म्हणत नाही.

तुमच्या ताईला खरा चावला आहे.

आता गॉडर्ड. 1905 मध्ये बार्बाडोसला जन्म, 1922 साली कोवळ्या वयात न्यूयॉर्कला आले ते नाट्यशिक्षणासाठी. रंगमंचावर नर्तक म्हणून काम केलं, पुढे व्याख्यानांकडे वळले, आणि 1972 मध्ये वारले. त्यांची रंगमंचाची पार्श्वभूमी मला फार बोलकी वाटते. भूमिकेत इतकं शिरायचं की हात, आवाज, चालणं सगळं तिचं व्हावं, हे नटाचं रोजचं काम. ते त्यांनी शास्त्राला लावलं, आणि लावलं ते सुंदर लावलं. 'मी धाकटी' ही भूमिका तुम्ही इतकी वर्षं वठवत होतात, ती काढून ठेवता येते, हे तुम्हाला त्यांच्याकडून कळलं. ते खोटं नाही. खुद्द गॉडर्डही 1959 नंतर वेगळं बोलायला लागले होते. हवं ते मिळवण्याच्या नियमापेक्षा, न मागता मिळणाऱ्या देणगीवर त्यांचा भर वाढला.

माझी तक्रार एवढीच की याकोबाची गोष्ट तुम्ही उत्पत्तीच्या सत्ताविसाव्या अध्यायात सोडलीत.

तो प्रसंग पुन्हा नीट पाहू या. म्हाताऱ्या इसहाकाला थोरल्या एसावाला आशीर्वाद द्यायचा आहे. एसावाचं अंग केसाळ, म्हणून आई रिबकेनं करडांची कातडी धाकट्या याकोबाच्या हातांवर आणि मानेवर गुंडाळली आहे. तो बापाच्या खोलीत जातो. आंधळा इसहाक विचारतो, 'माझ्या मुला, तू कोण?' याकोब सांगतो, 'मी एसाव, तुमचा थोरला.' बाप चाचपून पाहतो, म्हणतो, आवाज याकोबाचा आणि हात एसावाचे. पुन्हा विचारतो, खरंच तू एसाव का? उत्तर येतं, होय, मीच. आशीर्वाद मिळतो. तुमचं व्याख्यान इथं संपतं. शास्त्र पुढे चालू राहतं, आणि पहिली गोष्ट सांगतं ती एसाव मोठ्यानं, कळवळून रडला ही. एसाव म्हणजे 'दिसणारं जग' असं ठरवल्यावर हे रडणं ऐकू येत नाही, कारण जग रडत नसतं, भाऊ रडतो.

पुढे याकोब पळून जातो, मामा लाबानाकडे वीस वर्षं काढतो. सात वर्षं राबून त्याची धाकटी मुलगी राहेल हिच्याशी लग्न करतो आणि सकाळी उठून पाहतो तर शेजारी थोरली लेआ. जाब विचारल्यावर लाबान काय म्हणतो? आमच्याकडे थोरलीच्या आधी धाकटीला देत नाहीत. हे वाक्य वाचताना मला दर वेळी हसू येतं. थोरल्याचं सोंग घेतलेल्या धाकट्याला हे ऐकावं लागलं! आणि म्हातारपणी त्याचीच मुलं त्याच्या लाडक्या योसेफाचा झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून त्याच्यापुढे टाकतात. करडाचं कातडं आणि बकऱ्याचं रक्त. सांगणाऱ्यानं हे धागे उगीच जुळवलेले नाहीत.

आणि मग बत्तिसावा अध्याय. यब्बोक ओढ्याच्या काठी रात्रभर कोणीतरी याकोबाशी झोंबी घेतो. पहाट होते तेव्हा याकोब म्हणतो, मला आशीर्वाद दे, नाहीतर सोडणार नाही. पुन्हा आशीर्वादच हवाय त्याला! आणि समोरचा विचारतो, 'तुझं नाव काय?'

तोच प्रश्न, वीस वर्षांनी. अंधारात, चेहरा न दिसणाऱ्या कोणाकडून, आशीर्वादाच्या बदल्यात. पहिल्या वेळी त्यानं 'एसाव' सांगितलं होतं. या वेळी तो म्हणतो, 'याकोब.' टाच धरणारा, दुसऱ्याची जागा बळकावणारा, असा त्या नावाचा भाव. ते नाव तोंडातून निघाल्यावर मग त्याला नवं नाव मिळतं, इस्राएल. आणि तो लंगडत निघतो.

तुम्हाला ओळखीविषयीच शिकायचं असेल तर शास्त्रात याहून नेमकी जागा मला माहीत नाही. कातडं पांघरून त्याला संपत्ती मिळाली. नाव मात्र तेव्हा बदललं जेव्हा त्यानं स्वतःचं होतं तेच सांगितलं. पुढच्या अध्यायात एसाव भेटतो तेव्हा याकोब त्याच्यापुढे भेटवस्तू ठेवतो आणि म्हणतो, घे. हिब्रूत तिथं वापरलेला शब्द 'आशीर्वाद' हाच आहे. घेतलेलं परत करायला आलेला हा माणूस आहे.

हेही रूपकच आहे, तुमचंच, फक्त पुढपर्यंत वाचलेलं.

नोकरीचं म्हणाल, तर ती तुम्हाला लागली याचा मला आनंद आहे, आणि त्यात कल्पनेचा हात नव्हता असं मी म्हणणार नाही. महिनाभर तुम्ही स्वतःला त्या खुर्चीत पाहिलंत, त्यामुळे मुलाखतीत आवाज कापला नसेल, प्रश्न नीट ऐकू आले असतील. पण गॅब्रिएल ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी इथं एक बारीक रेघ मारली आहे. 2002 साली त्यांनी सहकाऱ्याबरोबर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांचा दोन वर्षं मागोवा घेतला होता. नोकरी मिळेल अशी ज्यांची अपेक्षा होती त्यांचं चांगलं झालं. नोकरी मिळाल्याची गोड दिवास्वप्नं ज्यांनी जास्त पाहिली त्यांनी अर्जच कमी पाठवले, आणि त्यांना नोकऱ्याही कमी मिळाल्या. मनाला मिळाल्यासारखं वाटलं की पाय उचलत नाहीत. तुमचे उचलले, कारण तुम्ही अर्ज केलात, गेलात, बोललात. ते श्रेय तुमचं आहे आणि ते कोणी काढून घेत नाहीये.

आता ईयोब.

'ज्याची मला भीती होती तेच माझ्यावर आलं' हे वाक्य या प्रकारच्या व्याख्यानांमध्ये फार लाडकं आहे. ते म्हणणारा माणूस तेव्हा राखेत बसलाय, अंगभर फोड आहेत, दहा मुलं गेली आहेत, आणि तो आपल्या जन्मदिवसाला शाप देतोय. तो सिद्धांत मांडत नाहीये, तो ओरडतोय. आणि पुस्तक वाचणाऱ्याला पहिल्या दोन अध्यायांतच सांगून ठेवलेलं असतं की हे त्याच्या भीतीनं आलेलं नाही, त्याच्या चुकीनंही नाही. ईयोबाला स्वतःला ते शेवटपर्यंत कळत नाही. मग तीन मित्र पानंच्या पानं बोलतात. त्यांचं म्हणणं एकच: तुझ्यावर आलंय म्हणजे तुझ्यातच काहीतरी असणार, बघ शोधून. ते वाईट नव्हते. फार प्रेमानं आले होते, लांबून आले होते. आणि शेवटच्या, बेचाळिसाव्या अध्यायात देवाचा कोप त्या मित्रांवर होतो. ईयोब बरोबर बोलला, तुम्ही बोलला नाहीत, असं तो त्यांना सुनावतो.

मला तुम्हाला दुखवायचं नाही, पण तुम्ही ईयोबाचं वाक्य उचललंत आणि बोललात मित्रांसारखं.

मीही बोलले आहे. माझी एक मैत्रीण बाळ गेल्यावर आठ दिवसांनी भेटली, तेव्हा मी तिला 'जे होतं त्यामागे काहीतरी असतं' असं ऐकवलं होतं. तिनं मान हलवली आणि चहाचा कप उचलून आत गेली. ती पाठ मला अजून दिसते. आपल्याला समोरच्याच्या दुःखाची भीती वाटते, म्हणून आपण घाईनं त्याला अर्थ चिकटवतो. तुम्हीसुद्धा ताईच्या आजाराला घाबरला होतात. तिनं 'मला भीती वाटते' म्हटलं, आणि तुमचीच भीती तिच्या तोंडून बाहेर आली, ती तुम्हाला ऐकवेना.

गॉडर्ड यांची एक शिकवण अशी आहे की समोरचा माणूस म्हणजे बाहेर ढकललेले आपणच. स्वतःच्या रागाविषयी विचार करताना हे वाक्य कधीमधी उपयोगी पडतं. आजारी माणसाच्या उशाशी ते घातक आहे, कारण त्या क्षणी समोर ताई उरतच नाही, तुमच्या कल्पनेची परीक्षा तेवढी उरते. म्हणून माझं सरळ मत सांगते: रूपकाचा आरसा स्वतःपुढे हवा तितका धरा, दुसऱ्याच्या तोंडापुढे धरू नका.

त्यातूनच तुमची धास्ती आली आहे. वाईट विचार आला की वाईट होणार, असं एकदा मानलं की मन पहारेकरी होऊन बसतं, आणि पहारेकऱ्याला सगळीकडे चोर दिसतात. आजारी बहिणीविषयी वाईट कल्पना मनात येणं म्हणजे प्रेमच घाबरलेलं असणं. तिचा आजार तुमच्या विचारानं वाढत नाही आणि तुमच्या दृश्यानं उतरत नाही; तो उपचारांवर आणि शरीरावर चालतो. पण हे पुसणं-आणणं दिवसाचे तास खात असेल, थांबवता येत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. नको असलेला विचार आणि तो पुसण्याची सक्ती ही ओळखीची तक्रार आहे आणि तिच्यावर चांगले उपचार आहेत. हे एवढं मात्र उद्यावर टाकू नका.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, परत 'हिची धाकटी' होणार का. हा प्रश्न वाचला आणि मी निर्गमाचा तिसरा अध्याय काढला, कारण 'मी आहे' तिथंच आहे ना. त्या नावाआधी काय घडतं ते पाहा. जळतं झुडूप, अनवाणी मोशे, आणि देव म्हणतो, मिसरच्या राजाकडे, फारोकडे जा. मोशे विचारतो, 'मी कोण, की मी जावं?' तुमचाच प्रश्न! आणि उत्तरात देव त्याला तू अमुक आहेस, तू समर्थ आहेस, असं काहीच सांगत नाही. तो म्हणतो, 'मी तुझ्याबरोबर असेन.' हिब्रूत हे 'असेन' म्हणजे 'एह्ये'. दोनच वचनांनंतर ते प्रसिद्ध नाव येतं, 'एह्ये अशेर एह्ये', मराठीत 'मी आहे तो आहे'. शब्द तोच. हिब्रू क्रियापदाच्या या रूपात 'आहे' आणि 'असेन' दोन्ही मावतं. अकराव्या शतकातला फ्रान्समधला भाष्यकार राशी तर या नावाचा अर्थच असा लावतो की या संकटात मी त्यांच्याबरोबर असेन, आणि पुढच्या संकटांतही असेन.

म्हणजे ज्या शब्दावर तुम्ही तुमचं नवं 'मी' उभं केलंत, तो शब्द त्या पानावर पहिल्यांदा येतो तोच दुसऱ्याच्या सोबतीला. माझ्या वाचनात तरी 'मी कोण' याचं उत्तर त्या अध्यायात असं मिळतं. तुम्हाला ते पटलंच पाहिजे असं नाही. पण 'धाकटी' या शब्दाला तुम्ही जितक्या घाबरता तितकं घाबरण्यासारखं त्यात काही उरत नाही, एवढं तरी पाहा. तुम्ही तिच्या धाकट्या आहातच. कमी आहात हे त्या शब्दाला कोणीतरी नंतर चिकटवलं.

करायचं काय ते सांगते. आधी तिला एक छोटा निरोप लिहा: 'त्या दिवशी मी बोलले ते चुकीचं होतं. तुझ्या आजारात तुझा काही दोष नाही. मी घाबरले होते.' एवढंच. 'पण माझा हेतू चांगला होता' हे वाक्य लिहायचा मोह होईल, ते खोडा. उत्तर आलं नाही तर महिनाभर दुसरा निरोप नको; तपासणीच्या दिवशी तिला न्यायला-आणायला कोण जातंय एवढं घरात विचारा आणि एखादी फेरी आपल्याकडे घ्या. व्याख्यानं पाठवणं आजच बंद.

ती भेटायला तयार झाली की काय बोलायचं, याची तालीम मनात करू नका. तुमची कल्पनाशक्ती तल्लख आहे, ती दोघींचे संवाद लिहून मोकळी होईल. ईयोबाच्या मित्रांनी एकच गोष्ट बरोबर केली होती. बोलायला तोंड उघडण्याआधी ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर बसून राहिले, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसलं. तुम्ही खुर्ची घ्या. फोन पर्समध्ये राहू दे. ती 'मला भीती वाटते' असं पुन्हा म्हणाली तर 'मलाही' म्हणा, आणि गप्प बसा.

बाबांशी वाद घालायला जाऊ नका, तुम्हा दोघांनाही वचन प्रिय आहे. त्यांना म्हणा, आज यब्बोकचा अध्याय वाचा, पहिल्यासारखा मोठ्यानं. ताईला चालत असेल तर तिच्या खोलीत.